दक्षिणेला कोणी राहत नाही

दि. ४ मार्च, सोमवार

वही नवी आहे, म्हणून पहिले पान शुद्ध अक्षरात लिहितो. पुढे अक्षर आपल्या वळणावर जाईलच.

आज येथे पोहोचलो. माडीवरची खोली मिळाली आहे: एक खाट, एक टेबल, दक्षिणेला खिडकी. खिडकीतून विहिरीवरचे पंपांचे ट्रक आणि त्यांच्यामागचा ओसाड माळ दिसतो. टेबलावर देवाची तसबीर ठेवली, शेजारी पोथी, आणि पोथीखाली हिच्या शेवटच्या वर्षी मी लिहिलेली वही. ती मी जाईन तेथे बरोबर नेतो; उघडत मात्र नाही.

घरमालकीणबाई साठीच्या आहेत, एकट्या राहतात. किल्ली देताना म्हणाल्या, "तिसरी पायरी करकरते, मास्तर. पडलात तर मला उचलता यायचं नाही."

मी म्हणालो, "मी मास्तर नव्हतो, प्राध्यापक होतो."

"म्हणजे मोठे मास्तर. चहा खाली घेणार की वर?"

त्यांना त्रास नको म्हणून वर घेईन असे सांगितले.

काम असे आहे. अडीच किलोमीटर खोलीवरच्या खडकात तेल अडकून बसले आहे. तेथपर्यंत उभी उतरलेली विहीर आडवी वळवून पूर्वेकडे दूर नेली आहे. आता तिच्यात बत्तीस टप्प्यांनी, अचाट दाबाखाली, पाणी आणि वाळू कोंबायची. खडकाला भेगा पडतात, वाळू त्या भेगा मिटू देत नाही आणि तेलाला वाट मिळते. प्रत्येक भेग पडताना एक अतिसूक्ष्म कंप उमटतो. ते कंप टिपण्यासाठी आडव्या विहिरीच्या टोकापुढे, तिच्याच सरळ रेषेत, दुसरी उभी विहीर खणली आहे. तिच्यात बारा श्रवणयंत्रे टांगायची. कोणता कंप कोठून आला, हे मी सांगायचे.

सांगण्याला कारण आहे. आडव्या विहिरीच्या उत्तरेला आठशे मीटरवर भूगर्भात एक जुना भंग आहे. कोणे एके काळी तेथे जमीन सरकली होती आणि पाणी पोहोचले तर पुन्हा सरकू शकते. त्याच्या वरच जुन्या दगडी भिंतींची चाळीस घरे आहेत. बाईंचे घर त्यांतलेच. दक्षिणेला कोणी राहत नाही. म्हणून नियम असा ठरला आहे, की भेगा उत्तरेकडे पाचशे मीटरच्या पुढे गेल्या तर पंप बंद. दक्षिणेकडे कंपाची तीव्रता दीडच्या आत असेपर्यंत काम चालू. तो 'थांबा' माझ्या सहीने निघायचा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज या कामाची प्रमुख आहे. तिने फोनवर म्हटले होते, "सर, यंत्रं पुष्कळ आहेत. मला कान हवेत." एकाहत्तराव्या वर्षी असे कोणी बोलले, की मनुष्य पेटी भरू लागतो. रिकाम्या घरातून निघताना कुलूप लावायला फार वेळ लागला नाही.

दि. ५ मार्च, मंगळवार

श्रवणयंत्रे उतरवली. हे काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे 'दोरीवाले' म्हणतात. हात कुशल आहे. बारा यंत्रे अडीच किलोमीटर खाली, अन् एकदाही धक्का नाही.

संगणकात दिशांची मांडणी भरताना एक गंमत झाली. प्रत्येक यंत्राला तीन अक्ष असतात, दोन आडवे आणि एक उभा. उभ्याची धन दिशा त्यांनी 'खाली' अशी भरली होती. मी विचारले, "खाली धन कसे?"

"विहिरीच्या कामात आमच्याकडे खाली म्हणजे प्लस, सर. जितकं खाली, तितकं जास्त."

मी म्हणालो, "चाळीस वर्षे मी भूकंपाच्या नोंदी शिकवल्या. वर हीच धन दिशा. ऊर्ध्वगतीला ऋण म्हणणे माझ्याने होणार नाही." आणि ते बदलले.

त्यांनी खांदे उडवले. "तुम्ही म्हणाल तसं. यंत्राचं मात्र काय ते बघून घ्या."

तरुण पिढीला पायाभूत संकेत कोणी शिकवत नाही, याचे वाईट वाटले.

दि. ७ मार्च, गुरुवार

काल पहिला टप्पा झाला, आज दुसरा आणि तिसरा. भेगांच्या आधी विहिरीच्या नळीला छिद्रे पाडणारा छोटा स्फोट करतात. त्याची जागा आधीच ठाऊक असते. आमची मांडणी अचूक आहे की नाही हे त्यावरून कळते. तिन्ही स्फोट माझ्या नकाशावर विहिरीच्या रेषेवर, जेथे पडायला हवे तेथेच पडले. समाधान वाटले.

विहिरीवरचे मुख्य पर्यवेक्षक, ज्यांना वयाने मोठी माणसेही 'दादा' म्हणतात, सकाळ-संध्याकाळ माझ्या पत्र्याच्या केबिनमध्ये डोकावतात. सूक्ष्म कंपांना त्यांनी नाव ठेवले आहे.

"काय गुरुजी, आज किती पिल्लं?"

"दोनशे चौदा."

"वा! बाळंतिणी सुखरूप?"

या कंपांची तीव्रता शून्याच्याही खाली असते. उणे दोन, उणे अडीच. टेबलावरून कप पडला तर जमिनीला जेवढे कळेल, तेवढे. आयुष्यभर मी ज्या भूकंपांचा अभ्यास केला त्यांत माणसे गाडली गेली. हे कंप झोपलेल्याला कूसही बदलायला लावत नाहीत. पहाटेच्या जपानंतर केबिनमध्ये येऊन बसतो, आणि पडद्यावर एकेक टिंब उमटू लागते, तेव्हा श्रवणभक्तीची पहिली पायरी हीच असावी असे मनात येते. साक्षीने पाहावे, हात लावू नये. हे स्थान मला मानवते. घरीही माझे स्थान बहुधा असेच होते. ही असताना ते जाणवत नसे.

दि. १० मार्च, रविवार

चिरंजीवांचा फोन दर रविवारी सकाळी दहाला येतो. घड्याळ लावावे इतका नियम. आज म्हणाला, "बाबा, जेवणाचं कसं चाललंय?"

"व्यवस्थित."

"मी येऊ का दोन दिवस? इथून एवढं काही लांब नाही."

"गरज नाही. कामात असतो मी."

फोन चालू होता, मागे नातीचा आवाज येत होता. मग "बरं" म्हणून ठेवला. त्याला मुळात बोलायचेच नसावे, सवयीने करतो. हिच्या अखेरच्या दिवसांत तो वेळेवर आला नव्हता, एक दिवस उशिरा पोहोचला. ते मी कधी बोलून दाखवले नाही. त्यालाही ठाऊक असणार, म्हणूनच त्याचा फोन असा अवघडलेला असतो.

दुपारी बाईंनी जिन्याखालून हाक मारली, "मास्तर, चहा झालाय. दोन कप केलाय." मी खाली जाऊन कप घेऊन वर आलो. एक कप पुरला असता. दोन कशाला केले कळले नाही.

दि. १२ मार्च, मंगळवार

दहावा टप्पा झाला. भेगा दोन्ही बाजूंना सारख्या वाढतील अशी अपेक्षा होती. तसे न होता त्या दक्षिणेकडे झुकल्या आहेत, तीनशे ऐंशी मीटरपर्यंत. उत्तरेला जेमतेम शंभर. आजचा मोठा कंप शून्य पूर्णांक सहा. पिल्लू म्हणण्याच्या पलीकडचा, पण मर्यादेत. दादा खूश आहेत. "माळावर जाऊ द्या की गुरुजी, कोण विचारतंय? तिथे सशांनीच तक्रार केली तर केली."

अहवालात लिहिले : कल दक्षिणेकडे, चिंतेचे कारण नाही.

संध्याकाळी परतलो तर बाई स्वयंपाकघरात कपाटाकडे पाहत उभ्या होत्या. कपाटाखाली हुकांना कप टांगलेले आहेत, एकमेकांपासून बोटभर अंतरावर.

"मास्तर, हे वाजतात."

"कोण?"

"कप. आज दोनदा वाजले. वारा नव्हता, मांजर बाहेर होतं, आणि मी खुर्चीत बसले होते."

त्यांना मी समजावले, की भेगा विरुद्ध दिशेला, माळाकडे जात आहेत. रोज सही करून मीच ते कळवतो.

"तुमची जमीन दक्षिणेला हलते, मग माझे कप उत्तरेला का वाजतात?"

"तुमच्या घरामागे दगडाची खाण आहे. तेथे सुरुंग लावतात, त्याचा हा परिणाम."

"खाणीत बुधवारी आणि शनिवारी बारा वाजता लावतात. भोंगा होतो आधी. आज मंगळवार आहे." आणि मग, माझ्याकडे न बघता, "नवरा गेल्यापासून या घरात काय वाजतं आणि काय वाजत नाही, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही."

वाद वाढू नये म्हणून मी एक युक्ती सांगितली. उद्यापासून कप वाजला की वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. आठवड्याने माझ्या नोंदींशी ताडून पाहू आणि त्यांची शंका फेडू. त्यांनी लगेच पेन्सिलीला दोरा बांधून ती कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. बिचाऱ्यांना तेवढाच विरंगुळा.

दि. १४ मार्च, गुरुवार

तेरावा टप्पा. दक्षिणेकडे चारशे सत्तर मीटर. मोठा कंप शून्य पूर्णांक नऊ. तेथे एखादा कमकुवत थर असावा. नकाशात नाही, पण नकाशे सर्वज्ञ नसतात.

केबिनमध्ये दिवसभर कोणी आले नाही. दादांना टायर फुटलेल्या ट्रकचे काम होते. बोलण्यासाठी तोंड उघडले ते थेट सायंकाळी, जिन्यावर : "हो, तिसरी पायरी लक्षात आहे."

दि. १७ मार्च, रविवार

दहाला फोन. "बाबा, पुढच्या आठवड्यात मला सुट्टी आहे. येऊ?"

"गरज नाही. कामाचा शेवटचा भाग आहे."

"तुम्ही नेहमी…" म्हणाला आणि थांबला. "काही नाही. तब्येत सांभाळा."

वाक्य अर्धे सोडण्याची त्याची सवय जुनीच आहे. ही त्याची वाक्ये पुरी करून मला सांगत असे.

दि. १९ मार्च, मंगळवार, दुपारी

क्रमाने लिहितो.

सकाळी बाईंचे कॅलेंडर खिळ्यावरून काढून केबिनमध्ये आणले होते. तेरा ते अठरा तारखांमध्ये सात वेळा लिहिलेल्या होत्या, मिनिटांसह, ठसठशीत अक्षरात. त्यांतल्या दोन बुधवारच्या आणि शनिवारच्या बाराच्या. खाणीचे सुरुंग. मला बरे वाटले. त्यांना काय सांगायचे ती वाक्येही मनात जुळवली.

उरलेल्या पाच वेळा माझ्या सर्वांत मोठ्या पाच कंपांशी मिनिटाला मिनिट जुळल्या. अठरा तारखेचा एक पूर्णांक दोनचा कंप त्यात होता.

तरीही मी म्हटले, दक्षिणेकडचा कंप दूरवर जाणवला असेल. खात्रीसाठी खाणीचे सुरुंग माझ्या नोंदीत शोधले. दोन्ही मिळाले. जमिनीवरून आलेले, मंद, पण स्पष्ट. त्यांची दिशा काढली.

दक्षिण.

खाण बाईंच्या परसामागे आहे. दक्षिणेला माळ आहे आणि ससे आहेत.

मी याच वहीचे पाच मार्चचे पान उघडून वाचले. 'खाली धन कसे?' माझेच अक्षर, माझाच तोरा. यंत्र खाली धन मानून बनलेले. मी त्याला वर धन असल्याचे सांगितले. आडव्या अक्षांची डावी-उजवी बाजू संगणक उभ्यावरून ठरवतो; तीन अक्षांपैकी एक उलटा केला, की डावा हात उजवा होतो. आरशासारखे. आणि आरशात दिसणाऱ्या सगळ्या वस्तूंची बाजू बदलते, पण काचेलाच टेकवून ठेवलेली वस्तू जेथल्या तेथे दिसते. श्रवणविहीर आणि आडवी विहीर एकाच रेषेत. कसोटीचे सगळे स्फोट त्या रेषेवर. म्हणजे माझी प्रत्येक कसोटी काचेवर झाली. म्हणून प्रत्येक वेळी मी उत्तीर्ण झालो.

पडद्यावर दक्षिणेला सहाशे वीस मीटरपर्यंत टिंबे होती. मी चिन्ह बदलले. सगळा थवा एका क्षणात उत्तरेला गेला. भंगापासून एकशे ऐंशी मीटरवर.

त्या वेळी एकोणिसावा टप्पा चालू होता.

दादांकडे धावत गेलो. या वयात धावणे म्हणजे काय ते लोकांनी पाहिले. म्हणालो, "पंप थांबवा."

"काय झालं गुरुजी? बसा आधी. दम घ्या. दक्षिणेला आहे ना सगळं? दीडच्या आत आहे ना?"

"दक्षिणेला नाही. उत्तरेला आहे."

"कधीपासून? आज सकाळपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर शिवी तयार होती. वयाला मान म्हणून ती बाहेर आली नाही. मग त्यांनी हात वर करून मूठ वळली. एकेक पंप बंद होत गेला. इतके दिवस कानात भरलेला घुमारा गेल्यावर माळावरचा वारा ऐकू आला.

त्याच दिवशी, सायंकाळी

विद्यार्थिनीचा फोन आला. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले. तिच्या पहिल्या वर्षी ती चुकली, की मी वर्गासमोर तिची वही उंच धरत असे. ते आज मला आठवले, तिला आठवले की नाही ठाऊक नाही.

ती म्हणाली, "सर, काम थांबलंय ते महत्त्वाचं. आता एक करू या. आजपासून भेगा उत्तरेला वळल्या असं लिहू. खडकात अशा वळतात कधी कधी. आधीचे तेरा अहवाल तसेच राहू देत."

"तेरा चुकीचे अहवाल?"

"तुमच्या सहीचे, सर. नव्या मुलांना अजून तुमची टिपणं वाटतो आम्ही. हे बाहेर गेलं तर लोक तेवढंच लक्षात ठेवतील. मला ते बघवणार नाही. उद्या सकाळी सांगा."

मी "उद्या सांगतो" म्हणालो.

प्रामाणिकपणे लिहितो : 'नाही' हा शब्द माझ्या तोंडात आला नाही. मला ते हवे होते. पंप तर बंदच आहेत. मग या एका ओळीने कोणाचे काय बिघडणार, असा युक्तिवाद मी पोथीसमोर बसून अर्धा तास केला. चांगला रचला होता. शिकवण्याच्या योग्यतेचा होता.

मग नकाशा पुन्हा पाहिला आणि युक्तिवादातले छिद्र दिसले. भेगा आज वळल्या असे लिहिले, तर विहिरीवरच्या लोकांना वाटेल की उत्तरेला फक्त आजचेच पाणी गेले आहे. चार दिवस थांबून ते पुन्हा पंप लावतील. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासूनचे सगळे पाणी भंगाच्या तोंडाशी साठलेले आहे. माझे नाव वाचवणारी ती ओळ या चाळीस घरांखाली जाऊन बसेल.

मी स्वतःला साक्षी म्हणवत होतो. साक्षी अलिप्त असतो, एवढेच मी त्यातून उचलले होते.

तिला निरोप धाडला : तेराही अहवाल दुरुस्त करतो.

दि. २० मार्च, बुधवार

दुरुस्तीची आमची रीत ठरलेली आहे. चुकीची नोंद खोडायची नाही, फाडायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. खाली खरे लिहायचे, दुरुस्तीची तारीख, सही. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांकडून करवून घेतले. आज केबिनऐवजी खोलीत बसून स्वतः केले. 'दक्षिण' वर रेघ, खाली 'उत्तर'. सही. पुन्हा. 'चिंतेचे कारण नाही' यावर रेघ मारताना लेखणी जराशी जास्त दाबली गेली.

नववा अहवाल चालू असताना, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, तिसरी पायरी करकरली. जिन्यावर कोणी नव्हते. मग खिडकीची काच बोलली, टेबल हलले, आणि खालून कप फुटल्याचा आवाज आला. एक, पाठोपाठ दुसरा.

पंप बंद होऊन जवळजवळ एक दिवस झाला होता. साठलेले पाणी आपली वाट चालतच होते. नंतर कळले, एक पूर्णांक सात. कोणाला इजा नाही. तीन घरांच्या भिंतींना तडे गेले आहेत. बाईंच्या दाराच्या चौकटीवरही एक. पंप चालू असते तर या आकड्याच्या जागी काय असते, याचे गणित मला येते. केले नाही.

खाली उतरलो. बाई अंगणात उभ्या होत्या, केरसुणी हातात, कपाळावर आठी.

"हे पण दक्षिणेला का, मास्तर?"

"नाही. हे तुमच्या पायाखाली आहे. पहिल्या दिवसापासून येथेच होते. मी उलटे वाचले."

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. मग, "म्हणजे माझ्या वेळा बरोबर होत्या?"

"सातही. माझ्या बारा यंत्रांपेक्षा बरोबर."

"मग ते कॅलेंडर द्या परत. वर्ष संपलं तरी फेकायची नाही मी ते." आत वळता वळता थांबल्या. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं हो. कप काय, नुसते वाजतात."

मी वाकून कपांचे तुकडे गोळा केले. त्यांनी करू दिले.

दि. २२ मार्च, शुक्रवार

उरलेले तेरा टप्पे रद्द झाले. सर्व नोंदी बाहेरचे लोक पुन्हा तपासणार. मला कामातून मुक्त केले आहे. पत्र विद्यार्थिनीनेच लिहिले, अत्यंत नम्र. शेवटी हाताने एक ओळ होती : 'सर, स्वतःची वही उंच धरलीत.' पत्र घडी करून पोथीत ठेवले.

दोरीवाले यंत्रे काढायला आले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "तुम्ही बरोबर सांगितले होते. मी ऐकले नाही."

ते दोरीकडे बघत म्हणाले, "होतं असं, सर. आता वर ओढतोय, म्हणजे मायनसमध्ये आहे." आणि हसले. मीही हसलो. या गावात आल्यापासून पहिल्यांदा.

दादा मोटारीपर्यंत सोडायला आले. "गुरुजी, खरं सांगू? परवा मनातल्या मनात तुम्हाला जे काय बोललो, ते कागदावर येणार नाही."

"ते तेव्हाच वाचले होते."

"वाचलंत ना? मग झालं. फिटलं."

बाईंनी विचारले, खोली कधी सोडणार. सोमवारी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला घाई नाही. दुसरं कोणी यायचंय असं नाही काही." नवा भाडेकरू मिळणे कठीण जात असावे. चार दिवस आधी सांगायला हवे होते मी.

दि. २४ मार्च, रविवार

पहाटे जप झाल्यावर पोथी उचलली आणि खालची वही उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा.

शोधायचे पान ठाऊक होते. 'चिरंजीव वेळेवर आला नाही.' एवढीच ओळ, त्या दिवशीची. मग मागची पाने वाचली, कारण कप कधी वाजले ते आधीच्याच तारखांत सापडते, हे आता कळले आहे. महिनाभर आधी : 'चिरंजीवांचा फोन. येऊ का म्हणाला. नवी नोकरी, गरज नाही म्हणालो.' दहा दिवसांनी : 'पुन्हा फोन. तिला ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर जाऊन बोललो. गरज नाही.' तीन दिवस आधी : 'फोन. डॉक्टर तसे काही म्हणत नाहीत, असे सांगितले.' डॉक्टर काय म्हणत होते ते त्याच पानावर वर लिहिले आहे. अक्षर माझेच.

तीन नोंदी एकाच बाजूला होत्या आणि मी चार वर्षे त्या दुसऱ्या बाजूला पाहत होतो.

'चिरंजीव वेळेवर आला नाही' यावर एक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी. खाली लिहिले : 'मी बोलावले नाही.' आजची तारीख. सही.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो आहे. बाईंनी नवे कप आणले आहेत, दोन. आज चहा खाली घेईन असे सांगून आलो. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीवरचे कपडे उचलू लागल्या.

दहा वाजायला सात मिनिटे आहेत. फोन टेबलावर समोर ठेवला आहे. तो विचारील की नाही, सांगता येत नाही. मागच्या रविवारी वाक्य अर्धे सोडून गेला होता. त्याने विचारले नाही, तर मी म्हणेन. पत्ता कागदावर काढून ठेवला आहे : स्थानकावरून डावीकडे, दगडी घरांची शेवटची ओळ, दाराच्या चौकटीवर नवा तडा.

तिसरी पायरी करकरते, तेही त्याला सांगायचे आहे. विसरू नये म्हणून येथे लिहून ठेवतो.